खुब्याच्या इम्प्लांटची संगणकावर चाचणी : या चुका टाळा

कमाल ताण धातूच्या क्षमतेपेक्षा कमी आला की सिम्युलेशनच्या रिपोर्टवर ‘सुरक्षित’ असा शेरा पडतो. खुब्याच्या इम्प्लांटच्या बाबतीत हा शेरा फार थोडं सांगतो. आजकाल स्टेम, म्हणजे मांडीच्या हाडात बसवलेला इम्प्लांटचा दांडा, मोडणं क्वचित घडतं. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते ती बहुतेकदा इम्प्लांट सैल झालं, सांधा निखळला, जंतुसंसर्ग झाला किंवा पृष्ठभाग झिजला म्हणून. त्यामुळे मॉडेल उघडण्याआधी नेमका प्रश्न लिहून काढा : स्टेम मोडेल का, हाडात हलेल का, की काही वर्षांनी भोवतालचं हाड विरळ होईल? या तिन्ही प्रश्नांना एकच मॉडेल पुरत नाही.

हाड आणि स्टेम चिकटवून टाकणं

सगळ्यांत घातक चूक हीच, आणि ती सहज होते. दोन भाग जोडताना अनेक सॉफ्टवेअर आपणहून ‘बॉन्डेड’ (पूर्ण चिकटलेला) संपर्क निवडतात. पण सिमेंट न वापरता बसवलेला स्टेम पहिल्या दिवशी हाडाला चिकटलेला नसतो; तो फक्त घट्ट ठोकून बसवलेला असतो. त्याच्या पृष्ठभागावर हाड वाढायला काही आठवडे ते महिने लागतात. या काळात स्टेम आणि हाड यांच्यातली हालचाल साधारण ४० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत राहिली तर हाड आत वाढतं. १५० मायक्रॉनच्या वर गेली तर तिथे तंतुमय ऊतक तयार होतं आणि स्टेम सैलच राहतो. बॉन्डेड संपर्कात ही हालचाल शून्य येते. म्हणजे जे तपासायचं होतं तेच मॉडेलमधून काढून टाकलेलं असतं.

इथे घर्षणाचा संपर्क द्या. घर्षण गुणांकाचा एकच आकडा धरून बसू नका. कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन किमतींवर मॉडेल चालवा. निष्कर्ष त्यावर उलटत असेल, तर तेही रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा.

घर्षण दिलं की मॉडेल कन्व्हर्ज होत नाही, म्हणजे गणित एका उत्तरावर स्थिरावत नाही, ही नेहमीची तक्रार. मग घाईत पुन्हा बॉन्डेडकडे वळण्याचा मोह होतो. तसं करू नका. बहुतेक वेळा पहिल्याच पायरीत स्टेमला कुठलाच आधार नसतो आणि तो मोकळा सरकत जातो. आधी ठरावीक विस्थापन देऊन स्टेम हाडात बसवा, संपर्क झाल्याची खात्री करा आणि मग बल हळूहळू वाढवा.

बॉन्डेड संपर्कालाही जागा आहे. हाड पूर्ण वाढल्यानंतरची स्थिती पाहायची असेल तर तो योग्यच, पण फक्त हाड आत वाढावं म्हणून खडबडीत लेप दिलेल्या भागावर. गुळगुळीत टोकाला तो देऊ नका.

फक्त चालण्याचा भार

शरीरात बसवलेल्या मोजमापाच्या इम्प्लांटमधून बर्लिनच्या संशोधकांनी खुब्यावरचे खरे भार नोंदवले आहेत. सपाट जमिनीवर चालताना कमाल भार वजनाच्या साधारण अडीच पट असतो. अडखळल्यावर तो आठ पटींच्या आसपास गेल्याची नोंद आहे. ८० किलोच्या माणसासाठी हे सुमारे २००० आणि ६३०० न्यूटन होतात. जिने चढतानाचा भार आकड्याने चालण्याहून फार मोठा नसतो, पण तो स्टेमला मागच्या बाजूला पिळतो आणि सैल होण्याच्या दृष्टीने हीच दिशा वाईट. मांडीच्या हाडावर खेचणारे स्नायू वगळले तर हाडाचं वाकणंही चुकीचं येतं.

मेशवर आंधळा विश्वास

मेश म्हणजे मॉडेलचे छोट्या घटकांत पाडलेले तुकडे. स्टेमच्या मानेजवळच्या गोलाईत ताण पाहताना या घटकांचा आकार निम्मा करून पुन्हा चालवा. ताण जवळपास तेवढाच राहिला तर ठीक. प्रत्येक वेळी वाढतच गेला तर बहुधा तिथे टोकदार कोपरा आहे आणि गणिताप्रमाणे तिथला ताण अनंत आहे. मेश कितीही बारीक केली तरी उत्तर स्थिरावणार नाही. ड्रॉइंगमधली खरी गोलाई मॉडेलमध्ये घाला. चार नोडचे (बिंदूंचे) टेट्राहेड्रॉन, म्हणजे चार बाजूंचे पिरॅमिडसारखे घटक, वाकण्यात फाजील ताठ असतात. दहा नोडचे वापरा.

एकच हाड, एकच आदर्श बसवणूक

माझ्या मते या क्षेत्राने सर्वांत महाग किंमत इथे मोजली आहे. डेप्यू या कंपनीने एएसआर हे धातूवर धातू घासणारं इम्प्लांट ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवलं; तोवर सुमारे ९३ हजार इम्प्लांट बसवली गेली होती. त्याचा कप (कमरेच्या हाडात बसणारी वाटी) उथळ होता. तो थोडा जास्त उभा बसला की भार कडेवर यायचा आणि झिजलेल्या धातूचे कण भोवतालच्या ऊतकांत जायचे. कप आदर्श कोनात धरून केलेल्या चाचणीत हे नीट दिसत नाही. कडेवरच्या भाराची चाचणी सांगणारा आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेचा १४२४२-४ हा भाग २०१८ मध्ये आला.

म्हणून कपचा कोन, स्टेमचा आकार आणि हाडाची घनता बदलून पाहा. ठिसूळ, विरळ हाडाचं मॉडेल हवंच. सीटी स्कॅनवरून हाडाचा ताठरपणा काढताना स्कॅनमध्ये कॅलिब्रेशन फॅन्टम (घनता आधीच माहीत असलेला नमुना) होता का ते विचारा. घनतेवरून ताठरपणा काढण्याची सूत्रं वेगवेगळी आहेत आणि त्यांची उत्तरं एकमेकांपासून बरीच लांब जातात.

चाचणीनंतर मॉडेल जुळवणं

प्रयोगशाळेतले आकडे हाती आल्यावर घर्षण आणि ताठरपणा थोडे थोडे बदलून आलेख जुळवणं म्हणजे पडताळणी नव्हे. मॉडेलचं भाकीत तारखेसह आधी नोंदवा, मग हाडावर स्ट्रेन गेज (किती ताणलं गेलं ते मोजणारी पट्टी) लावून मोजा. एएसएमई या अमेरिकी अभियंत्यांच्या संस्थेचं २०१८ चं व्ही अँड व्ही ४० हे मानक सांगतं की मॉडेलवर किती विसंबायचं आणि निर्णय चुकला तर रुग्णाला किती धोका, यावर पुराव्याची पातळी ठरवा. दोन डिझाइनपैकी एक निवडण्यासाठी वापरलेलं मॉडेल आणि प्रत्यक्ष थकवा चाचणीच्या (पुन्हा पुन्हा भार देऊन तुटतं का ते पाहण्याच्या) जागी वापरलेलं मॉडेल यांना सारखाच पुरावा पुरणार नाही. आयएसओ ७२०६-४ च्या थकवा चाचणीत स्टेमवर २३०० न्यूटनचा भार ५० लाख वेळा येतो; तिच्यासाठी सर्वांत नाजूक आकार निवडायला सिम्युलेशन उत्तम. तो ‘नाजूक’ आकार नेहमी सर्वांत लहानच असेल असं गृहीत धरू नका. लांब ऑफसेटचा (स्टेमच्या अक्षापासून गोळ्याच्या मध्यापर्यंतच्या अंतराचा) मधला आकारही जास्त ताण घेऊ शकतो, तेव्हा सगळी मालिका चालवून बघा.