लिनक्स व्हीएमची नेटवर्क लॅब: या चुका टाळा, निदान पहिली तरी

संध्याकाळच्या बॅचला मी नेटवर्किंग शिकवतो. लॅब साधीच असते: प्रत्येकाच्या लॅपटॉपवर उबुंटू लिनक्सची पाच-सहा व्हर्च्युअल मशीनं (लॅपटॉपच्या आत चालणारे आभासी संगणक, म्हणजेच व्हीएम), त्यातली दोन एफआरआर हे राउटिंगचं सॉफ्टवेअर टाकून राउटर केलेली, आणि वहीत काढलेली आकृती. दर बॅचला पहिल्या पंधरा दिवसांत त्याच तक्रारी येतात. वाक्यसुद्धा ठरलेलं असतं: "सर, कालपर्यंत चालत होतं, मी काहीच बदललं नाही."

मुलं खोटं बोलत नाहीत. आकृतीतलं त्यांनी खरंच काही बदललेलं नसतं. घोळ झालेला असतो तो आकृतीत नसलेल्या गोष्टींत.

क्लोन केलं, पण ओळख तीच ठेवली

ही माझी लाडकी चूक, कारण ती मी स्वतः करून बसलोय.

एक मशीन नीट लावायचं आणि त्याच्या प्रती काढायच्या, यात गैर काही नाही. क्लोन करताना नेटवर्क कार्डाचा क्रमांक, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस नवीन घ्यायचा असतो, हेही आता सगळ्यांना ठाऊक आहे. तेवढं केलं की मंडळी निर्धास्त होतात. पण सेटिंग्जच्या ईटीसी फोल्डरमध्ये मशीन-आयडी नावाची एक ओळीची फाइल असते. तिच्यात ३२ अक्षरांचा एक आकडा असतो आणि तो क्लोनबरोबर जसाच्या तसा जातो. उबुंटू सर्व्हरवर १८.०४ पासून नेटवर्क सांभाळणारा सिस्टिमडी-नेटवर्कडी हा प्रोग्राम डीएचसीपीकडे (मशीनांना आपोआप आयपी पत्ते वाटणारी सेवा) पत्ता मागताना ओळख म्हणून मॅक सांगत नाही, या मशीन-आयडीवरून बनवलेली खूण सांगतो. डीएचसीपी सर्व्हरला वाटतं जुनंच गिऱ्हाईक परत आलं. तो जुनाच आयपी हातावर ठेवतो. मॅक वेगवेगळे आणि आयपी एकच, अशी दोन मशीनं लॅबमध्ये नांदू लागतात.

काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी सकाळी प्रात्यक्षिक द्यायचं होतं. आदल्या रात्री मी घाईत तीन क्लोन काढले. वेब सर्व्हरवर लॉगिन केलं, कॉन्फिगरेशनची फाइल लिहिली, बाहेर पडलो. दहा मिनिटांनी परत आत गेलो तर फाइल गायब. पुन्हा लिहिली. पुन्हा गेलो तर या वेळी होती. तिसऱ्यांदा नाही! मी डिस्कवर संशय घेतला, तपासणी चालवली, मग स्नॅपशॉटवर (मशीनची जतन केलेली अवस्था) खापर फोडलं, मशीन पुसून नव्यानं क्लोन केलं. म्हणजे तीच चूक पुन्हा, जरा जास्त मेहनतीनं. रात्री दीडच्या सुमाराला कंटाळून दोन मशीनांचे कन्सोल (नेटवर्कशिवाय दिसणारा मशीनचा थेट पडदा) शेजारी शेजारी उघडले आणि दोन्हीकडे आयपी पाहिला. दोन्हीकडे १९२.१६८.१२२.४७.

मी एकदा या मशीनवर पोहोचत होतो, एकदा त्या. मग दूरच्या मशीनवर लॉगिन करवणारं एसएसएच ओरडलं कसं नाही? सर्व्हरची ओळख पटवणारी चावी बदलली की ते एवढी मोठी धमकी देतं. ते गप्प राहिलं, कारण चाव्याही क्लोन झालेल्या होत्या. होस्टनेमही (मशीनचं नाव) तेच, त्यामुळे प्रॉम्प्ट तोच. ज्या ज्या गोष्टीवरून चोरी पकडली गेली असती, ती प्रत्येक गोष्ट मीच डुप्लिकेट करून ठेवली होती.

तेव्हापासूनची सवय सांगतो. मूळ मशीन बंद करण्याआधी शेवटचं काम म्हणून मशीन-आयडीची फाइल रिकामी करतो (रिकामी, डिलीट नाही), एसएसएचच्या होस्ट-चाव्या उडवतो आणि मशीन बंद करतो. त्यानंतर ते पुन्हा कधीही चालू करायचं नाही. "एकदा बघतो फक्त" म्हणून चालू केलंत की नवीन आयडी तयार झाला, म्हणजे पुन्हा पहिले पाढे. क्लोन उठला की होस्टनेम आधी बदलायचं. डेबियन-उबुंटूवर उडवलेल्या चाव्या सहसा आपोआप बनत नाहीत, ओपनएसएसएच-सर्व्हर हे पॅकेज डीपीकेजी-रीकॉन्फिगर या कमांडनं पुन्हा लावावं लागतं. कन्सोलवरूनच करा, बाहेरून आत शिरायची सोय तेव्हा नसते.

हे सगळं एका झटक्यात करणारं व्हर्ट-सिसप्रेप नावाचं साधन आहे, चांगलं आहे. पण पहिल्या वेळी मी मुलांना ते वापरू देत नाही. नेटप्लॅनमध्ये (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगची फाइल) "डीएचसीपीची ओळख मॅकवरून दे" अशी एक ओळ टाकूनही आयपीचं भांडण मिटतं. मला तो इलाज आवडत नाही. चाव्या आणि आयडी तसेच राहतात, फक्त तुम्हाला दिसेनासे होतात. आणि राउटरच्या इंटरफेसला डीएचसीपी कशाला हवं? तिथे आयपी हातानं द्या.

पिंग लागलं नाही की रीबूट

पिंग म्हणजे समोरचं मशीन उत्तर देतं का ते पाहणारी हाक. ती लागली नाही की मुलं रीबूट करतात, आणि रीबूटनं पुरावा पुसला जातो. एआरपीचा तक्ता (कोणत्या आयपीचा मॅक कोणता), हातानं टाकलेले रूट (पॅकेटांच्या वाटा), सगळं. आधी टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन) लावा, आणि तेही एकाच टोकाला नको. वाटेतल्या प्रत्येक इंटरफेसवर बघत जा, पॅकेट शेवटचं कुठे दिसलं ते सापडलं की अर्धं काम झालं. दहा मिनिटं लागतात. ज्यांना दहा मिनिटं नसतात ते अख्खी लॅब नव्यानं लावायला तीन तास कुठून काढतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

होस्टला विसरणं

होस्ट म्हणजे ज्याच्यावर ही मशीनं चालतात तो लॅपटॉप. गेल्या बॅचमधल्या एका मुलीची गोष्ट. हातानं बनवलेल्या एका लिनक्स ब्रिजवर (होस्टच्या आतला आभासी स्विच) दोन मशीनं, एकाच सबनेटमध्ये, मध्ये राउटर नाही की काही नाही. पिंग मात्र लागेना. तिनं दोन दिवस दोन्ही मशीनांची फायरवॉल बंद-चालू केली, नेटप्लॅन तीनदा लिहिलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

मी एकच गोष्ट पाहिली: शेजाऱ्यांचा तक्ता, म्हणजे तोच एआरपीचा. समोरच्याचा मॅक त्यात व्यवस्थित आला होता. म्हणजे एआरपी जातंय, उत्तरही येतंय, आणि अडतंय ते फक्त आयपीचं पॅकेट. तार तुटली असती तर एआरपीही गेलं नसतं. मग होस्टवर ब्रिजच्या दोन्ही पोर्टांना टीसीपीडम्प लावला. पिंग एका पोर्टातून आत शिरत होतं, दुसऱ्यातून बाहेर पडत नव्हतं.

"लॅपटॉपवर डॉकर टाकलंस का?"

"हो सर, दुसऱ्या कोर्ससाठी. पण त्याचा इथे काय संबंध?"

संबंध असा, की डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) होस्टच्या आयपीटेबल्स या फायरवॉलमधली फॉरवर्ड साखळी (पुढे पाठवायच्या पॅकेटांचे नियम) "ड्रॉप"वर नेऊन ठेवतं. आणि ब्रिज-नेटफिल्टर हे मॉड्यूल चालू असलं की ब्रिजच्या आतल्या आत जाणारी आयपी पॅकेटंही त्याच साखळीतून गाळली जातात. एआरपी त्या चाळणीत येतच नाही, म्हणून ते सुटतं. उपाय दोन: ब्रिजवरची पॅकेटं आयपीटेबल्सकडे पाठवणारी सेटिंग सिसकंट्रोलमधून (कर्नलची सेटिंग बदलणारी कमांड) शून्य करा, नाहीतर डॉकर-यूजर साखळीत आपल्या ब्रिजसाठी परवानगीचा नियम टाका. मी पहिला करतो. खरं तर लॅबच्या होस्टवर डॉकर ठेवतच नाही, पण एकच लॅपटॉप असलेल्या मुलांना हे सांगणं सोपं आहे.

होस्टचा आणखी एक छुपा उद्योग: लिनक्स ब्रिज एलएलडीपीची (शेजारच्या उपकरणांना आपली ओळख सांगणारा प्रोटोकॉल) पॅकेटं पुढे जाऊ देत नाही, ती स्वतःच गिळतो. शेजारी दिसत नाही म्हणून मुलं एलएलडीपी पुन्हा पुन्हा बसवत राहतात. त्या ब्रिजच्या ग्रुप फॉरवर्ड मास्क या सेटिंगमध्ये १६३८४ टाकलं की शेजारी दिसतो. एलएसीपीसाठी (अनेक तारा जोडून एक करणारा प्रोटोकॉल) मात्र असं करू पाहाल तर कर्नल नकार देतो. तिथे लिनक्स ब्रिजचा हट्ट सोडा.

बाकीच्या, भराभर

व्हर्च्युअलबॉक्समध्ये साधं नॅट (होस्टच्या पत्त्याआडून बाहेर जाण्याची सोय) ठेवलं तर पहिल्या कार्डावर प्रत्येक मशीनला १०.०.२.१५ मिळतो. तो बिघाड नाही, प्रत्येकजण आपापल्या खोलीत बंद आहे. एकमेकांशी बोलायला इंटरनल नेटवर्क लावा.

राउटर केलेल्या मशीनवर आयपी फॉरवर्डिंग (एका कार्डावर आलेलं पॅकेट दुसऱ्यावरून पुढे पाठवणं) चालू करा, आणि सिसकंट्रोलच्या फाइलमध्ये लिहा. नुसती कमांड दिलीत तर "कालपर्यंत चालत होतं" हे वाक्य रीबूटनंतर तुमच्याच तोंडी येईल.

पिंग जातंय आणि उत्तर येत नाही? परतीचा रस्ता बघा. प्रत्येक मशीनला इंटरनेटसाठी एक नॅटचं कार्ड असतं, डीफॉल्ट रूट तिथूनच जातो, आणि उत्तर मुकाट्यानं त्या दारानं निघून जातं. याच प्रकरणात आरपी-फिल्टरही (भलत्याच वाटेनं आलेलं पॅकेट टाकून देणारी कर्नलची तपासणी) पाय अडकवतो. तो नुसत्या इंटरफेसवर शून्य करून भागत नाही, "ऑल"मधली किंमत आणि इंटरफेसची किंमत यांत जी मोठी तीच लागू होते.

पिंग लागतं पण एससीपी (फाइल पाठवायची कमांड) मध्येच अडकतं: व्हीएक्सलॅन (एका नेटवर्कच्या आत दुसरं गुंडाळून नेणारी पद्धत) वापरताय ना? त्याचं वेष्टन ५० बाइटचं. आत १४५० चा एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) ठेवा.

व्हर्च्युअल मशीनच्या आत पुन्हा लिबव्हर्ट (व्हर्च्युअल मशीनं सांभाळणारं साधन) टाकलंत तर बाहेरचं आणि आतलं, दोन्ही डीफॉल्ट नेटवर्कं १९२.१६८.१२२ वरच बसू पाहतात. आतलं आधीच बदला.

आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर दोन-दोन जीबीची सहा मशीनं चालवू नका. स्वॅप (मेमरी संपल्यावर डिस्क वापरणं) सुरू झालं की ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलचे शेजारी राउटर पडतात-उठतात आणि तुम्ही टायमर बदलत बसता.

आणि चालू मशीनचा स्नॅपशॉट तीन आठवड्यांनी परत आणलात तर त्याचं घड्याळही तीन आठवडे मागे असतं. टीएलएस प्रमाणपत्रं "अजून वैध झालेली नाहीत" असं म्हणू लागतात. क्रोनी (घड्याळ जुळवणारं सॉफ्टवेअर) चालू असलं तरी त्याच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये घड्याळात मोठी उडी फक्त सुरुवातीच्या पहिल्या काही वेळाच मारता येते, नंतर ते मुंगीच्या पावलानं सरकवतं. क्रोनीला मेकस्टेपचा हुकूम हातानं द्या. मी स्नॅपशॉट बंद मशीनचाच घेतो, पण हे ऐकणारा विद्यार्थी अजून भेटायचाय.