ध्वनिशोषक टाइल्स लावूनही खोली घुमतेच? या चुका टाळा

टाइल्स बसल्या, बिल चुकतं झालं आणि शेजारच्या खोलीतलं बोलणं मात्र शब्दन् शब्द ऐकू येतंय. ही तक्रार वारंवार येते आणि बहुतेक वेळा त्यात टाइलचा दोष नसतो. तिच्याकडून भलतंच काम मागितलेलं असतं.

आवाज शोषणं वेगळं आणि आवाज अडवणं वेगळं. मिनरल फायबर, ग्लासवूल, रॉकवूल ही सगळी सच्छिद्र सामग्री. आवाजाबरोबर हवा त्यांच्या बारीक छिद्रांत मागेपुढे हलते, तंतूंना घासते आणि आवाजाची ऊर्जा किंचितशा उष्णतेत विरते. त्यामुळे खोलीतला घुमारा कमी होतो. पण हेच हलकं, सच्छिद्र अंग आवाजाला बऱ्यापैकी आरपारही जाऊ देतं. बाहेरचा आवाज अडवायचा तर वजनदार भिंत हवी आणि फटी बंद हव्यात. म्हणून खरेदीआधी एवढं ठरवा: खोलीतलाच आवाज खोलीत घुमतोय, की बाहेरचा आत येतोय? दुसरं उत्तर असेल तर टाइल्सवर पैसे घालू नका, दरवाजाच्या फटी आणि भिंती बघा.

ऑफिसांमध्ये याचीच एक खास तऱ्हा दिसते. केबिनचं पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंत येऊन थांबतं आणि वर स्लॅबपर्यंतची पोकळी सगळ्या केबिनना सामायिक राहते. एका केबिनमधला आवाज टाइलमधून वर जातो आणि पलीकडच्या टाइलमधून खाली उतरतो. खात्री करायची असेल तर पार्टिशनजवळची एक टाइल उचला आणि टॉर्च मारून बघा. पलीकडच्या केबिनची ग्रिड सरळ दिसली तर कारण सापडलं. पार्टिशन स्लॅबपर्यंत नेणं हाच पक्का इलाज. ते शक्य नसेल तर सीएसी हा आकडा जास्त असलेली टाइल घ्या. एका केबिनमधून दुसऱ्या केबिनमध्ये छतावाटे जाणारा आवाज टाइल किती रोखते, ते तो आकडा सांगतो. शोषण्यात उत्तम असलेली हलकी ग्लासवूल टाइल इथे सहसा कमी पडते.

आता एनआरसी, म्हणजे टाइल किती आवाज शोषते ते सांगणारा आकडा. कॅटलॉगमध्ये 0.70 लिहिलेलं बघून लोक निर्धास्त होतात. हा आकडा म्हणजे 250, 500, 1000 आणि 2000 हर्ट्झला मोजलेल्या शोषणाची सरासरी, जवळच्या 0.05 पर्यंत आणलेली. 125 हर्ट्झ त्यात येतच नाही. त्यामुळे एसीच्या यंत्राची घरघर किंवा स्पीकरचा बास टाइल किती शोषेल, हे एनआरसीवरून कळत नाही. शिवाय छताच्या टाइलची चाचणी बहुधा मागे 400 मिलिमीटर पोकळी ठेवून झालेली असते. अहवालात ई-400 असं लिहिलेलं दिसेल. तीच टाइल स्लॅबला थेट चिकटवली की खालच्या सुरांतलं तिचं शोषण चांगलंच घसरतं. कठीण पृष्ठभागाला अगदी लागून हवा जवळजवळ हलतच नाही. ती सर्वांत जास्त हलते पाव तरंगलांबीच्या अंतरावर. 250 हर्ट्झसाठी हे अंतर साधारण 34 सेंटीमीटर येतं. उंची कमी म्हणून टाइल चिकटवायचीच असेल तर निदान जाड घ्या आणि चिकटवलेल्या अवस्थेतल्या चाचणीचे आकडे मागा.

बसवलेली टाइल नंतर मारली जाते ती रंगाने. छत काळवंडलं की रंगारी रोलर घेऊन भिंतीचाच इमल्शन फिरवतो. दोन हातांत छिद्रांची तोंडं बुजतात. छत नवं दिसतं, खोली मात्र पुन्हा घुमायला लागते. रंग द्यायचाच असेल तर छिद्रं न बुजवणारा, अशाच टाइल्ससाठीचा रंग पातळ फवारून द्यावा लागतो. सच्छिद्र जिप्समच्या भोकांत पुट्टी भरणं हीसुद्धा तीच चूक. भिंतीवरच्या पॅनलवर कापड मढवताना रेक्झिन सुंदर दिसतं, पण त्यातून हवा जात नाही. कापडाला तोंड लावून फुंकर मारा. हवा सहज पलीकडे गेली तरच ते कापड घ्या. भोकं किंवा खाचा असलेल्या लाकडी पॅनलचंही तसंच. मागे पोकळी आणि ग्लासवूल-रॉकवूलसारखी लोकर नसेल, पॅनल थेट प्लायवर ठोकलं असेल, तर ती निव्वळ सजावट झाली.

किती टाइल्स लावायच्या, हे अंदाजाने ठरवू नका. वॉलेस सॅबिन यांनी 1895 पासून हार्वर्डमधल्या एका घुमणाऱ्या व्याख्यान-खोलीत गाद्या आणून मोजमापं केली. त्यातून आलेलं सूत्र आजही वापरलं जातं. घुमण्याचा काळ = 0.161 × खोलीचं घनफळ ÷ एकूण शोषण. 10 × 8 × 3 मीटरची खोली म्हणजे 240 घनमीटर. रिकामेपणी तिचं शोषण 20 चौरस मीटर धरलं तर आवाज विरायला सुमारे 1.9 सेकंद लागतात. सगळ्या 80 चौरस मीटर छताला एनआरसी 0.70 च्या टाइल्स लावल्या की शोषणात 56 ची भर पडते आणि काळ सुमारे अर्ध्या सेकंदावर येतो. वर्गखोलीला हे छान. छताच्या मधोमध चार टाइल्स लावून फरक शोधत बसणाऱ्यांनी हे गणित एकदा करून बघावंच.

छत पूर्ण झालं आणि तरी टाळी वाजवल्यावर ‘टर्रर्र’ असा धातूसारखा आवाज येत असेल, तर दोन समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकताहेत. हा फ्लटर एको छतावर आणखी खर्च करून जात नाही. त्या जोडीतल्या निदान एका भिंतीवर पॅनल लावा, साधारण एक ते दोन मीटर उंचीच्या पट्ट्यात, जिथे बोलणाऱ्यांची तोंडं आणि ऐकणाऱ्यांचे कान असतात. दिसू नयेत म्हणून पॅनल दरवाजाच्या वर ढकलण्याची सवय सोडा.

स्वस्त पर्याय म्हणून अंड्यांचे ट्रे आणि पॅकिंगचा फोम सुचवले जातात. ट्रे जेमतेमच शोषतात. फोमचा धोका फार मोठा आहे. 2003 मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात ‘द स्टेशन’ या नाइटक्लबात स्टेजमागच्या फोमने आतषबाजीच्या ठिणग्यांनी पेट घेतला आणि 100 माणसं गेली. आगीच्या चाचणीचा अहवाल न बघता छताला किंवा भिंतीला काहीही चिकटवू नका. इथे तडजोड नकोच.

टाइल्स मधोमध लोंबू लागल्या तर आधी दमटपणा बघा. प्लास्टर ओलं असताना छत बसवलं, किंवा वरचा पाइप गळतोय, असंच कारण बहुधा निघतं. गळती थांबवल्याशिवाय टाइल बदलण्यात अर्थ नाही. दिव्याचं वजन टाइलवर टाकलेलं असेल तर त्याला स्लॅबमधून वेगळा आधार द्या. आणि इमारत जुनी, 1980 च्या आधीची असेल, तर टाइल्स फोडण्यापूर्वी त्यांत ॲस्बेस्टॉस आहे का, हे प्रयोगशाळेतून तपासून घ्या. तोवर त्यांना भोक पाडू नका, कापू नका, झाडूही नका.