दादा नशेच्या विळख्यात सापडलाय? घरातल्या धाकट्यानं काय करायचं

मी दहावीत होते. आमच्या पडवीत जाळ्यांच्या ढिगाखाली सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद सापडला. खालून काजळी धरलेली, वर तपकिरी रेघ ओघळलेली. दादा गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, ओढत होता. मी तो कागद चुलीत घातला आणि आठ महिने कोणाजवळ अवाक्षर काढलं नाही. तुझे असे आठ महिने जाऊ नयेत, म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात आधी एका मोठ्या माणसाला सांग. आईबाबांशी बोलायला जीभ रेटत नसेल तर मावशी, आत्या, शाळेतल्या बाई, कोणीही चालेल. फक्त ऐकल्याबरोबर दादाला मारायला धावणारं किंवा वाडीभर करणारं माणूस नको. वाक्य आधीच जुळवून ठेव: "दादा नशा करतो, मला भीती वाटते, घरी सांगायला माझ्यासोबत चला." असं कोणीच नसेल तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६. तुझं स्वतःचं मन थाऱ्यावर नसेल तर १४४१६ ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन लाव.

मग त्याच्यासाठी खोटं बोलणं थांबव. मला हेच सगळ्यात अवघड गेलं. बोटीचा प्रमुख, तांडेल, दारात यायचा, मी सांगायचे, "ताप आलाय त्याला." मला वाटायचं मी घराची अब्रू राखतेय, खरं तर त्याच्या पुढच्या पुडीची सोय लावत होते. पैशाचंही तेच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. हाताला काम नाही, खिशात दमडी नाही, अशा दिवसांत आमच्याकडे आधी तांब्याचा हंडा गेला, मग आईच्या कुड्या. तुझ्या मोबाइलचा पिन बदल. मागायला आला तर एवढंच म्हण, "पैसे देणार नाही. जेवायला वाढू?" वाद घालायचा नाही. बोलायचं असेल तर तो शुद्धीवर असताना.

औषधोपचार हे तुझं काम नव्हे. पण काय होतं ते माहीत असू दे. गर्द थांबलं की आठ-बारा तासांत टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, सुरू होते: नाक-डोळे गळतात, हाडं ठणकतात, उलट्या, जुलाब. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट, मग आठवड्याभरात शरीर निवळतं. आमच्याकडे त्याला खोलीत कोंडलं होतं. तसं करू देऊ नकोस. दारूही पीत असेल तर ती एकदम तोडल्यानं फिट येऊ शकते. मोठ्यांना सांग, जिल्हा रुग्णालयात किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. पोलिसांच्या धास्तीनं घरं गप्प बसतात. पण अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम ६४अ आहे: स्वतःच्या नशेपुरतं प्रकरण असेल आणि माणूस आपणहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार पुरे करत असेल, तर खटल्यापासून संरक्षण मिळतं.

हात उगारला, कोयता हातात घेतला, तर समजूत काढत बसू नकोस. शेजारी जा, ११२ लाव. वह्या-पुस्तकं, आधार कार्ड आणि कपड्यांचा एक जोड आधीच मावशीकडे ठेवून दे. परीक्षेच्या दिवसांत तिथेच झोपायला जा. भाऊ आजारी असताना तू अभ्यास केलास, गाढ झोपलीस किंवा झोपलास, तर त्यात काही पाप नाही.

उपचार घेऊन तो घरी येतो तेव्हा सगळे सैलावतात, आणि धोका तिथेच असतो. आमचा दादा गणपतीच्या तोंडावर आला. घर चाकरमान्यांनी भरलेलं, जो तो विचारतोय, "इतके दिवस कुठे होता?" आम्ही उत्तर आधीच ठरवलं होतं: "तब्येत बरी नव्हती, औषध चालू आहे." त्याला मखराचं काम दिलं, दक्षिणेचे पैसे आईनं स्वतःकडे ठेवले. मध्ये खंड पडला की शरीराची सवय मोडते. मग पूर्वीएवढीच मात्रा घेतली तरी जीव जाऊ शकतो. हाका मारून उठत नसेल, श्वास मंद किंवा घरघरता, ओठ निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसल्या, तर कुशीवर वळव, तोंडात पाणी घालू नकोस, १०८ ला फोन कर आणि काय घेतलंय ते त्यांना स्पष्ट सांग. अँब्युलन्स येईपर्यंत त्याच्याजवळून हलू नकोस. रस्त्यावर टॉर्च घेऊन शेजाऱ्याला उभं कर. आमच्या वाड्यांमधली घरं रात्री सापडत नाहीत.