आयफोनचा बॅकअप दुसऱ्या हार्ड डिस्कवर हलवताय? या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी लॅपटॉप काखोटीला मारून माझ्याकडे येतं. "सी ड्राइव्ह लाल झालाय, जागाच उरली नाही, मी तर काहीच डाउनलोड केलं नाही!" केलेलं नसतंच. विंडोजवर आयट्यून्स हा अॅपलचा प्रोग्रॅम आयफोनचा बॅकअप सी ड्राइव्हवरच टाकतं आणि जागा बदलायची सोय सेटिंगमध्ये दिलेली नाही. मग एकच वाट उरते: बॅकअपचा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर न्यायचा आणि जुन्या जागी एमकेलिंक (mklink) कमांडने जंक्शन, म्हणजे नव्या जागेकडे नेणारा दुवा, करायचं. आयट्यून्सला वाटतं फोल्डर जागेवरच आहे, फाइली मात्र दुसऱ्या डिस्कवर जातात. कमांड एका ओळीची आहे. माणसं घोळ घालतात ते त्या ओळीच्या आधी आणि नंतर.

जंक्शनला दुसरी कॉपी समजणं

माझ्या मावसभावाने व्हिडिओ बघून सगळं केलं, आणि खरंच नीट केलं. लॅपटॉपमध्ये 256 जीबीची एसएसडी, जोडीला 1 टीबीची हार्ड डिस्क, बॅकअप 90 जीबीच्या आसपास. महिन्याभराने सी ड्राइव्ह चाळताना त्याला तोच बॅकअप फोल्डर दिसला. आत शिरून मोजलं, तर 90 जीबी! "अरे, जुनं पुसायचं राहिलंच की." सगळं सिलेक्ट करून शिफ्ट-डिलीट. पुसलं गेलं ते डी ड्राइव्हवरचं, कारण जंक्शन म्हणजे नुसतं दार. खोली पलीकडेच असते.

मला कळलं तेव्हा फोन दुरुस्तीला देण्याआधी रिसेट करून झाला होता. आयक्लाउडचे फुकटचे 5 जीबी कधीच भरलेले. रिकव्हरी सॉफ्टवेअरने बऱ्याच फाइली परत आणल्या, पण बिननावाच्या. या बॅकअपमध्ये प्रत्येक फाइलचं नाव 40 अक्षरांचं असतं आणि कुठली फाइल फोनमध्ये कुठे बसते याची यादी त्या नावांवर चालते. नावं गेली म्हणजे रिस्टोअर गेलं. मुलीच्या बारशाचे थोडे फोटो मिळाले, तेही विस्कळीत.

तेव्हापासून नव्या डिस्कवरच्या फोल्डरला मी "हाचखरा" असं नाव देतो, रोमन लिपीत. हसा खुशाल. जुन्या जागी फोल्डरच्या चित्रावर छोटा बाण दिसतो आणि फोल्डरांची यादी दाखवणारी डीआयआर (dir) कमांड दिली तर नावाशेजारी जंक्शन असं लिहून येतं, एवढं बघितल्याशिवाय मी तिथे हात लावत नाही. जागा मोकळी झाली का हे सी ड्राइव्हच्या शिल्लक आकड्यावरून बघा, त्या फोल्डरच्या आकारावरून नाही. जंक्शन काढायचंच असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये (कमांड टाइप करायची विंडोजची काळी खिडकी) नुसतं आरएमडीआयआर (rmdir) आणि जंक्शनचा पत्ता, मध्ये /s वगैरे काही न जोडता.

कट-पेस्ट

"कट केलं की एका दमात काम होतं." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं उठतं. आत 256 उपफोल्डर आणि चिल्लर फाइलींचा ढीग असतो. कॉपीचा वेग रडतखडत चालतो, चाळीस टक्क्यांवर कुणाचा तरी धीर सुटतो, यूएसबीची वायर हलते, आणि अर्धा संसार इकडे, अर्धा तिकडे. मी रात्री जेवण झाल्यावर कॉपी लावतो आणि झोपतो. सकाळी दोन्हीकडच्या फाइलींची संख्या जुळवतो. मग जुन्या फोल्डरचं फक्त नाव बदलतो, जुन्या नावाने जंक्शन करतो, फोनचा नवा बॅकअप घेतो आणि दुसऱ्या डिस्कवर आजच्या तारखेच्या फाइली आल्या का ते बघतो. जुना फोल्डर त्यानंतरच जातो. नाव न बदलता कमांड दिली तर विंडोज "या नावाचं आधीच आहे" म्हणून अडवतं, आणि घाईतला माणूस तिथेच मूळ फोल्डर पुसून मोकळा होतो. कॉपीच्या वेळी आयट्यून्स बंद हवं, हे सांगायला लागू नये, लागतं.

बाकीचं थोडक्यात. राइट क्लिक करून केलेला शॉर्टकट चालत नाही. आयट्यून्स त्याला फोल्डर मानत नाही. एमकेलिंक कमांड प्रॉम्प्टची आहे, पॉवरशेल या विंडोजच्या दुसऱ्या कमांड खिडकीत थेट ओळखली जात नाही. एमकेलिंकपुढे स्लॅश जे (/J, जंक्शनची खूण) लिहिल्यावर आधी जुनी जागा, मग नवी; उलटं लिहिणारे रोज भेटतात. मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून आयट्यून्स घेतलं असेल तर बॅकअप अ‍ॅपडेटा या लपलेल्या फोल्डरात शोधू नका, तुमच्या यूझर फोल्डरमधल्या अ‍ॅपल नावाच्या फोल्डरमध्ये बघा. डिस्क बाहेरून जोडायची असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिला इंग्रजी वर्णमालेतलं शेवटाकडचं एखादं अक्षर कायमचं द्या, नाहीतर पेनड्राइव्ह आधी लागला की जंक्शन भलत्याच दारात. आणि डिस्कचं फॉरमॅट, म्हणजे तिच्यावर फाइली मांडायची पद्धत, एनटीएफएसच ठेवा: मोठ्या डिस्कवर एक्सफॅट ही दुसरी पद्धत साधारणपणे 128 केबीचे कप्पे पाडतं, त्यामुळे एक केबीची फाइलही अख्खा कप्पा अडवते. बॅकअपच्या आतल्या फाइली "मोठ्या दिसतात" म्हणून निवडून उडवू नका.

पासवर्ड लावून बॅकअप घेत असाल, आणि घ्याच, कारण हेल्थचा डेटा आणि साठवलेले पासवर्ड त्यातच येतात, तर तो पासवर्ड कागदावर लिहा. विसरलात तर तो बॅकअप कुणीच उघडू शकत नाही. आमच्याकडे तो रेशन कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात आहे. दर वेळी मीच शोधत बसतो, पण सापडतो.