रबराचा चीक आटला होता, तेव्हा

माझी द्राक्षबाग निफाडला, मामांची रबराची बाग दोडामार्गला. मागच्या हिवाळ्यात मामांचा फोन आला, "अरे, काप दिला तरी काही झाडं चीकच देत नाहीत. खत कमी पडलं का?"

सवड काढून गेलो. पहाटे टॅपरसोबत, म्हणजे सालीला काप देऊन चीक काढणाऱ्या माणसासोबत, फिरलो. कापाच्या दोन टोकांना थेंब जमत होते, मधली पट्टी मात्र कोरडी आणि तपकिरी. खताचा प्रश्न नव्हताच. भाव बरा होता म्हणून रोज टॅपिंग चाललं होतं आणि जात आरआरआयआय १०५. चिकाला उत्तम, पण अति कापली की कोरडी पडणारी. निघून गेलेला चीक सालीत पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो, तो झाडाला मिळतच नव्हता. द्राक्षातही हेच बघतो मी, घड जास्त ठेवले की पुढच्या हंगामात वेल मार खाते.

कोरड्या झाडांना चुन्याची खूण करून टॅपिंग पूर्ण थांबवलं. बाकीच्यांना तीन दिवसांतून एकदा, अर्ध्या घेराचा काप. खोलीवर मी हटून बसलो: आतल्या जिवंत थरापासून साधारण एक मिलिमीटर साल राहिलीच पाहिजे. लाकडाला चाकू लागला की नवी साल गाठाळ येते, मग तिथे पुन्हा नीट काप देता येत नाही.

पावसाळ्यानंतर खुणेच्या काही झाडांना चीक आला, काहींना अजून नाही. मामा आता प्रत्येक झाडाच्या कापाची तारीख वहीत लिहितात.