हिस-टॅगने प्रथिन शुद्ध करताना: लॅबमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र) किंवा महापे-रबाळेच्या एमआयडीसीतल्या बायोटेक कंपनीत रुजू झालात, तर हिस-टॅगशी, म्हणजे प्रथिनाला जोडलेल्या हिस्टिडीन या अमिनो आम्लाच्या खुणेशी, गाठ पडणारच. आपल्या जनुकाला सहा हिस्टिडीनचे कोडॉन (डीएनएवरचे तीन-तीन बेसचे शब्द) जोडायचे. पेशी दोन्ही मिळून एकच प्रथिन बनवते, आणि ते निकेलच्या कॉलमला, म्हणजे निकेल लावलेलं रेझिन (बारीक मणी) भरलेल्या नळीला, चिकटतं.

खरी मेहनत कागदावर घ्या. जोडणी इन-फ्रेम आहे का, म्हणजे टॅग आणि जनुक यांचे तीन-तीन बेसचे गट सलग जुळतात का, हे कोडॉन लिहून मोजा. एक बेस कमी-जास्त झाला की पुढचं सगळं वाचन बिघडतं. टॅग शेवटाला असेल तर जनुकाचा मूळ स्टॉप कोडॉन काढलाय ना, ते बघा. तो राहिला तर टॅग बनतच नाही; जेलवर (जिथे प्रथिनं आकारानुसार वेगळी होतात) प्रथिन झकास दिसतं, पण कॉलममधून सरळ वाहून जातं. सिक्वेन्सिंगशिवाय पुढे जाऊच नका.

बीएल२१-डीई३ (प्रथिन बनवून घ्यायचे ई. कोलाय जीवाणू) पेशींचा ओडी (गढूळपणा, म्हणजे पेशींची दाटी) ०.६ झाला की ०.२ मिलिमोलर आयपीटीजी (जनुक चालू करणारं रसायन) घालून १८ अंशांवर रात्रभर ठेवा. ३७ अंशांवर प्रथिन भराभर बनतं, पण बऱ्याचदा गुठळ्या होऊन गाळात बसतं. शेकर (पेशी हलवत ठेवणारं यंत्र) बॅकअपवर आहे का, हे आधी विचारा; मे महिन्यात रात्री वीज गेली तर १८ अंश टिकत नाहीत. एवढं करूनही विरघळलं नाही, तर एमबीपी (माल्टोज-बाइंडिंग प्रोटीन) हा टॅग जोडून पाहा. तो ४२ किलोडाल्टनचा, म्हणजे चांगलाच मोठा. पण कठीण प्रथिनांना तो अनेकदा विरघळतं ठेवतो.

पेशी फोडायचा बफर: ५० मिलिमोलर फॉस्फेट, ३०० सोडियम क्लोराइड, १० इमिडॅझोल (निकेलवर हिस्टिडीनची जागा घेणारं रसायन), पीएच ८. धुताना इमिडॅझोल २०, उतरवताना २५०. इमिडॅझोल अल्कधर्मी असतं, म्हणून ते घातल्यावरच पीएच जुळवा. पीएच ६ च्या आसपास उतरला तर हिस्टिडीनवर प्रोटॉन बसतो आणि पकड सुटते. प्रोटीएज इन्हिबिटरची (प्रथिन तोडणारी एन्झाइम्स रोखणारी) गोळी ईडीटीए (धातू पकडणारं रसायन) नसलेलीच घ्या, नाहीतर निकेल धुऊन जातं. डीटीटी या क्षपणकाने रेझिन तपकिरी पडतं. फ्लो-थ्रू (कॉलमला न चिकटता वाहून आलेलं द्रावण) फेकू नका. लायसेट (फोडलेल्या पेशींचं द्रावण), वॉश (धुतलेलं), इल्युशन (उतरवलेलं) यांच्या शेजारी तोही जेलवर चालवा, प्रथिन कुठे गळालं ते तिथेच कळतं. २८० नॅनोमीटरवर प्रथिन मोजताना ब्लँक (शून्य धरायचा नमुना) इल्युशन बफरचाच, कारण इमिडॅझोलही तिथे थोडा प्रकाश शोषतं.

टॅग काढायचा असेल तर टॅग आणि प्रथिनाच्या मध्ये टीईव्हीची (ठराविक क्रमावरच कापणारं एन्झाइम) कापायची जागा आधीच ठेवावी लागते. डायलिसिस करून इमिडॅझोल काढा, हिस-टॅग असलेला टीईव्ही १:५० घाला, ४ अंशांवर रात्रभर ठेवा आणि पुन्हा कॉलममधून सोडा. या वेळी तुमचं प्रथिन फ्लो-थ्रूमध्ये मिळतं. टॅग आणि टीईव्ही कॉलमवर राहतात.