पाळी ‘आणायची’ गोळी देण्याआधी

‘डॉक्टर, हिची पाळी येत नाही, गोळी द्या.’ गोळी मी लगेच देत नाही. गोळीने रक्तस्राव होईलही, पण पाळी का थांबली होती ते तसंच राहतं.

वय 15 पूर्ण झालं तरी पाळी आलीच नाही, किंवा 13 पर्यंत स्तनांची वाढही सुरू नाही, तर वाट बघू नका. येऊन थांबली असेल तर नियमित असणारीने 3 महिन्यांनी आणि मुळातच मागेपुढे होणारीने 6 महिन्यांनी तपासून घ्यावं.

आईला मी थोडा वेळ बाहेर बसवते. काहींना राग येतो, येऊ दे. मुलगी एकटी असली की बोलते: जेवण तोडलंय, वजन झपाट्याने उतरलंय, रोज दोन-दोन तास धावणं चाललंय. संबंध आलेत का, हेही विचारते. उत्तर काहीही असो, लघवीची गरोदरपणाची चाचणी पहिली. ‘आमची मुलगी तशी नाही’ यावर विसंबून मी ती एकदा टाळली होती. त्या मुलीचा महिना वाया गेला.

पाळी कधीच न आलेली मुलगी दर महिन्याला ओटीपोट दुखतं म्हणाली, तर योनीचा पडदा पूर्ण बंद असून रक्त आत साठत असू शकतं. नुसतं बाहेरून बघूनही ते बहुधा कळतं. अशा मुलीची सोनोग्राफी हवीच, गर्भाशय आहे की नाही इथपासून.

रक्तात एफएसएच (अंडाशयाला चालना देणारं हार्मोन), टीएसएच (थायरॉइडसाठी), प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन), इस्ट्रॅडिओल (अंडाशयातलं स्त्री-हार्मोन, इस्ट्रोजेनचा एक प्रकार) बघायचं. एफएसएच खूप वाढलेलं असेल तर अंडाशय थकलेत. महिन्याभराने ते पुन्हा तपासावं आणि तसंच आलं तर गुणसूत्रं बघावीत. उंची फार कमी असेल तर टर्नरचा, म्हणजे एक एक्स गुणसूत्र कमी असण्याच्या आजाराचा संशय. प्रोलॅक्टिन वाढलं की घरचे डोक्यातल्या गाठीच्या भीतीने गारठतात. आधी गोळ्यांची यादी काढा, उलटीवरच्या आणि मानसिक आजाराच्या काही औषधांनीही ते वाढतं. पण सोबत डोकेदुखी किंवा नजर अधू होत असेल तर लगेच एमआरआय.

चेहऱ्यावर केस, मुरुमं असली तर पीसीओएसचा (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा आजार) विचार करते, पण पहिली पाळी येऊन 8 वर्षं व्हायच्या आत नुसत्या सोनोग्राफीवर तो शिक्का मारत नाही.

मला जास्त काळजी ‘कटकट गेली, बरंच झालं’ म्हणणाऱ्या सडसडीत धावपटू मुलीची वाटते. इस्ट्रोजेन कमी पडलं की हाडं ठिसूळ होतात आणि ती दुखतही नाहीत. पाळी जाऊन 6 महिने झाले असतील तर तिच्या हाडांची घनता मी मोजूनच घेते.